झाम्फिरा सिस्टरचं जिवंतपणीचं जेवण

बुखारेस्ट
सोमवार, ७ मार्च २०११
सकाळचे सात वाजून वीस मिनिटं

आदरणीय झाम्फिरा सिस्टर,

होरिया पिंत्याचा नमस्कार. पाच नंबरचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, डावा पाय आणि उजवा खांदा. आठवलं असेल.

आत्ता मी स्वयंपाकघरात उभा राहून कपात चहा ओतत होतो. कप अर्धा भरला आणि किटली खाली पडली. ती निसटली नाही, हातानंच ती सोडली. मी सोड म्हणालो नव्हतो. फरशीवर अजून चहा आहे आणि तो पुसायच्या आधी मी तुम्हाला लिहायला बसलोय, यावरून माझी अवस्था ओळखा.

गेली दोन वर्षं मी लवकर दमतो. कारखान्यात मी पितळी पाट्यांवर नावं कोरतो. दारावरच्या पाट्या, स्पर्धांची पदकं, कबरींवरच्या क्रुसाच्या पट्ट्या. अकरा वर्षांत एकही नाव चुकवलं नाही. पण जानेवारीत एका मृताच्या नावातली शेवटची रेघ थरथरली. मालकाला दिसली नाही, मला दिसली. म्हणून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी हातोडीनं गुडघे ठोकले, सुया टोचल्या आणि म्हणाल्या, "हा पोलिओनंतरचा पोलिओ आहे."

मी म्हणालो, "बाई, मला पोलिओ ऐंशी साली झाला. मी एक वर्षाचा होतो. तो आला, त्याला हवं ते घेतलं आणि गेला."

त्या म्हणाल्या, "गेला खरा. पण जाताना सगळं काम उरलेल्यांवर टाकून गेला. चार बैलांचा गाडा तीस वर्षं एकाच बैलानं ओढलाय. आता तो बसायला लागला. चाबूक माराल तर कायमचा बसेल. बॅटरीवर चालणारी खुर्ची घ्या आणि हात वाचवा."

मी त्यांना आजाराचं नाव कागदावर लिहून मागितलं. तो कागद माझ्या खिशात आहे. रोज वाचतो, तरी विश्वास बसत नाही. सिस्टर, तुम्हीच आम्हाला पायांवर उभं केलंत. हात गेले तर माझ्याकडे काय उरतं ते तुम्ही जाणता. कोणता व्यायाम करू तेवढं कळवा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही असं कळलं, म्हणून पत्र.

तुमचा
होरिया


कोर्नेत गाव, जिल्हा मेहेदिंत्स
१४ मार्च

होरिया पोरा,

पत्र मिळालं. एकही चूक सापडली नाही, म्हणजे डोकं शाबूत आहे. बाकीचं आपण बघू.

ही डॉक्टरीण वयानं केवढी? चाळिशीच्या आतली असणार. तिनं पोलिओ पुस्तकात वाचला, मी तो उचलून अंघोळीला नेलाय. छत्तीस वर्षांत दोनशे चौदा पोरं उभी केली मी. त्यांतल्या निम्म्यांच्या आयांना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला घरी न्या आणि देवाचं नाव घ्या. त्या डॉक्टरांचं ऐकलं असतं तर तू आज किटली पाडायलासुद्धा उभा राहिला नसतास.

आता नीट वाच. वाळूची पिशवी, दीड किलोची. पायाला बांधून पन्नास वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. हातात एक किलोची, तीस वेळा. जिना दिवसातून चार वेळा. दुखलं की समजायचं, वाढतंय. दुखत नसेल तर तू लबाडी करतोयस.

आणि खुर्चीचं नाव काढू नकोस. आपल्याकडे खुर्ची ही शिक्षा होती, विसरलास? जो रडला तो एक तास खुर्चीत. तू एकदाच बसलास आणि नंतर आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. खुर्ची सोपी असते रे. एकदा बूड टेकलं की माणूस तिचाच होतो.

तुझ्याच शहरात व्हेतुरिया राहते, तितान भागात. आठवते ना? पाहुणे आले की तिलाच पुढे चालवायचो आपण. दर नाताळाला तिचं कार्ड येतं. "सिस्टर, पिशव्या सोडलेल्या नाहीत." लग्न झालंय, नवरा पाववाल्याकडे गाडी चालवतो. जा, तिला बघून ये, म्हणजे डॉक्टरीण विसरशील. पत्ता मागे लिहिलाय.

झाम्फिरा


बुखारेस्ट
रविवार, १ मे
(कच्चा खर्डा. पाठवला नाही.)

आदरणीय सिस्टर,

तुम्ही सांगितलं ते मी चार आठवडे केलं. दुखलं तेव्हा वाढतंय असं समजलो. बारा एप्रिलला कारखान्याच्या तिसऱ्या पायरीवर डावा पाय उचललाच गेला नाही आणि मी पाठीवर पडलो. त्या दिवसापासून उजवा अंगठा छिन्नी धरू शकत नाही, दोन बोटांच्या बेचक्यात धरावी लागते. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कुणी सांगितलं?" मी तुमचं नाव सांगितलं नाही.

सिस्टर, मी खुर्चीत बसलो.

एका संस्थेनं उसनी दिली आहे. बॅटरीची, ब्याऐंशी किलो वजनाची, आधी कुणा गेलेल्या माणसाची. मालकानं दारात दोन फळ्या टाकल्या. सतरा एप्रिलला कोपऱ्यापर्यंत जाऊन बघू म्हणून निघालो आणि परत फिरायचं विसरलो.

इथं तळं आहे! माझ्या खोलीपासून एक किलोमीटर तीनशे मीटरवर, बागेत! होड्या आहेत, बदकं आहेत, बाकांवर बुद्धिबळ खेळणारे म्हातारे आहेत. अकरा वर्षं मी या शहरात राहतो आणि माझं शहर म्हणजे खोली, कारखाना आणि वाणी. सहाशे पावलं. त्यापुढे शक्तीच उरत नसे. मी चौकात एवढा वेळ थांबलो की मागून मोटारींचे भोंगे सुरू झाले.

आणि वरती! कुबड्यांवर चालणारा माणूस शहर पाहत नाही, पुढची फरशी पाहतो. आमच्याच रस्त्यावर चौथ्या मजल्याचा सज्जा दोन दगडी बायकांनी डोक्यावर धरलाय. मी रोज त्यांच्याखालून जात होतो. एकीचं नाक तुटलंय. मालकाला विचारलं, ते म्हणाले, "त्या? त्या माझ्या आजोबांच्या आधीपासून आहेत. तुला कुणी सांगितलं नाही?" कुणी कशाला सांगेल?

बुद्धिबळवाल्यांच्या पटाला माझं चाक लागलं. एक आजोबा ओरडले, "अरे, घंटी तरी वाजवत ये! माझा वजीर गेला!" दुसरे म्हणाले, "तुझा वजीर कधीच गेला होता, चाकाला काय बोल लावतोस!" कुबड्या असताना माझ्यावर कधी कुणी ओरडलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पण तेवढंच नाही. पोलादी पट्टी मी बरोबर ठेवतो. सहा सेंटिमीटरची पायरी खुर्ची चढते, नऊची चढत नाही. इथल्या पदपथांच्या कडा चौदाच्या आहेत आणि जिथं कडा उतरती केलीय तिथं हमखास मोटार उभी. म्हणून मी रस्त्यावरून जातो, ट्रामच्या रुळांशेजारून. जीव मुठीत आणि मूठ दांडीवर.

एकवीस एप्रिलला चर्चच्या कोपऱ्यावर काळ्या कपड्यातली एक बाई आली आणि काही न विचारता माझ्या मांडीवर वेणीसारखा वळलेला पाव ठेवला, त्यात पेटती मेणबत्ती, वर मातीचा मग. "माझ्या नवऱ्याच्या नावानं. ग्रिगोरे."

मी म्हणालो, "काकू, मी भिकारी नाही. कामावर निघालोय."

"भिकारी कोण म्हणालं तुला? घे मुकाट्यानं. तू नाही म्हणालास तर तो तिकडं उपाशी राहील."

मृताच्या नावानं दिलेलं परतवता येत नाही. मी "बोग्दाप्रोस्ते" म्हणालो, देव त्यांना क्षमा करो. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातानं खुर्ची चालवत, मनगटावर मेण गळत कारखान्यात पोचलो. तीस वर्षं मी कुबड्या घेऊन हिंडलो, कुणी पावाचा तुकडा दिला नाही. बसलो आणि चौथ्या दिवशी मेलेल्यांच्या वाटचं मला मिळायला लागलं. त्या दिवशी मी काही कोरू शकलो नाही. नुसता मगाकडं बघत बसलो.


बुखारेस्ट
रविवार, १ मे

आदरणीय सिस्टर,

तुमच्या पत्राबद्दल आभार. सांगितलेला व्यायाम मी चार आठवडे एकही दिवस न चुकवता केला. आता मी शहरात खूप हिंडतो. मागच्या रविवारी तळ्याला तीन फेऱ्या झाल्या. काल एकूण चार किलोमीटर झाले. अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं इतकं शहर या दोन आठवड्यांत पाहिलं. हवा चांगली आहे. व्हेतुरियाकडे अजून जाणं झालं नाही, पण जाईन.

तुमचा
होरिया


कोर्नेत
९ मे

होरिया, माझ्या वाघा,

चार किलोमीटर! पोस्टात उभी राहून वाचलं आणि तिथंच मोठ्यानं पुन्हा वाचून दाखवलं. पोस्टमन निस्तोर म्हणाला, "सिस्टर, मला पगार मिळतो तरी मी एवढं चालताना कुरकुरतो." कुठाय ती डॉक्टरीण? तिला माझ्याकडे पाठव, पिशव्या शिवायला बसवते.

तुझं पत्र वाया गेलं नाही बरं. आमच्याकडे वासिले म्हणून सुतार आहे, पन्नाशीचा. त्यालाही लहानपणी झाला होता, थोडक्यात सुटला. हल्ली पाय ओढतो आणि दुपारी झोपतो. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. लाजला. त्याच दिवशी त्याच्या दोन्ही पायांना पिशव्या बांधल्या, दोन-दोन किलोच्या. बायको कुरकुरते, कुरकुरू दे.

आता कामाचं. मी शहात्तरची झाले. मूल ना बाळ. मेल्यावर माझ्या नावानं कोण जेवण घालणार आणि कोण ताटं वाटणार? पुतण्याचा भरवसा नाही, तो स्वतःच्या आईचं विसरला. म्हणून मी माझं जेवण हयातीतच घालतेय, ११ जूनला, उन्हाळ्यातल्या मृतांच्या शनिवारी. इथं जे द्यावं ते तिकडं मिळतं. ताटं, मग, टॉवेल, मेणबत्त्या, सगळं आणलंय. मेंढ्याचं बोलणं चालू आहे.

आणि बूट. तिकडची वाट लांब आहे म्हणतात. बूट ज्याला द्यावे तो इथं जेवढा चालेल तेवढी आपण तिकडं चालतो. ते मी तुझ्यासाठी घेतलेत. चाळीस नंबर, तपकिरी, चामड्याचे. डाव्याला जाड तळ तू तुझ्याकडं लावून घे. गावाला मी सांगून ठेवलंय की माझे बूट माझा होरिया घालणार. फाटकातून आत चालत ये, सगळ्यांना बघू दे. मग मी मरायला मोकळी.

व्हेतुरियाला भेटलास का? किती टाळाटाळ!

झाम्फिरा


बुखारेस्ट
रविवार, २९ मे

आदरणीय सिस्टर,

आधी वासिले सुताराच्या पायांच्या पिशव्या सोडा. आज, हे पत्र संपायच्या आधी. मग पुढचं वाचा.

एक मेच्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. स्पेलिंग तपासतो तसं मी प्रत्येक वाक्य तपासलं होतं. तरी ते पत्र खोटं होतं. मी खुर्चीत बसून हिंडतो. चार आठवड्यांच्या व्यायामानं माझा अंगठा गेला आणि जिना गेला. तुम्हाला हे सांगायची हिंमत नव्हती. मला वाटलं, माझा खोटेपणा माझ्यापुरता राहील. वासिलेचं वाचलं आणि कळलं, तो राहिला नाही.

मग मी व्हेतुरियाकडे गेलो. ती मला खोटं पाडेल अशी अजून आशा होती.

माझ्यापासून तितान अकरा किलोमीटर. बॅटरी नऊची. बुधवारी सुट्टी काढली. अर्ध्या वाटेवर कडक पाव विकणाऱ्या बाईच्या खिडकीशी थांबून म्हणालो, "जरा चार्ज करायला द्याल का?" ती म्हणाली, "दे, मोबाईल दे इकडं." मी म्हणालो, "मोबाईल नाही, मी बसलोय ते." ती बाहेर डोकावली, पोट धरून हसली आणि वायर खिडकीतून आत ओढली. दोन तास मी तिथं बसून तिला गिऱ्हाइकांच्या रांगेची शिस्त लावून दिली. निघताना तिनं दोन पाव दिले. घाबरून विचारलं, "कुणाच्या नावानं?" ती म्हणाली, "माझ्या नावानं. कामाचे."

व्हेतुरिया चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. मी खालून हाक मारली. तिचा नवरा सिले खिडकीत आला, मग खाली आला. न बोलता मला पाठीवर घेतलं आणि वर नेलं. त्याला सवय दिसली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

ती खाटेवर होती. मानेखाली तीन उश्या. उजव्या हाताची दोन बोटं हलतात, बाकी काही नाही. रात्री झोपेत श्वास पुरत नाही म्हणून उशाशी यंत्र आहे. वय एकोणचाळीस. सिस्टर, मी तोंडावर हात घेतला. तसं करायला नको होतं.

ती म्हणाली, "काय रे, पाहुण्यांपुढं चालून दाखवू?"

मी हात खाली घेतला.

"तोंड मिट. माशी जाईल. तूही पिशव्या उचलतोस?"

"चार आठवडे उचलल्या."

"गाढवा, मी सहा वर्षं उचलल्या. पाय जड व्हायला लागले तसं वजन वाढवलं. चार मजले दिवसातून चारदा. शेजारीण म्हणायची, बाई, बस जरा. मी म्हणायची, बसायची शिक्षा रडणाऱ्यांना असते. मग एका सकाळी केस विंचरायला हात वर गेला आणि तिथंच राहिला. सिलेनं खाली आणून ठेवला."

मी म्हणालो, "पण तुझी कार्डं? दर नाताळाला?"

"सिले लिहितो. मी सांगते. तिला काय सांगू? म्हातारी मरेल. तूही सांगू नकोस, शपथ घे."

मी शपथ घेतली नाही. तिला वासिलेची गोष्ट सांगितली. तिनं छताकडं पाहिलं. मग म्हणाली, "लिही. पण माझ्या तोंडचं एक वाक्य त्यात घाल. सिस्टर, तुम्ही शिकवलंत म्हणून मी वीस वर्षं चालले, लग्नात नाचले. ते खरं आहे. आणि पुढचंही खरं आहे."

तुमचे बूट मी घालू शकणार नाही. मी चालणार नाही, म्हणजे तुम्हीही तिकडं चालणार नाही. तुम्ही म्हणाल तर मी अकराला येणार नाही.

होरिया


कोर्नेत
४ जून

होरिया,

पिशव्या सोडल्या. पत्र हातात धरून वासिलेच्या दारात गेले. तो लाकडाच्या ढिगावर बसला होता, पायांना पिशव्या तशाच. गुडघ्यावर बसून गाठी सोडल्या. त्याची बायको बघत होती, एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

व्हेतुरियाच्या लग्नाचा फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्या फोटोखाली बसून मी चौदा मार्चला तुला लिहिलं होतं, दुखलं की समजायचं, वाढतंय. काय वाढत होतं ते आता कळलं.

कपाटात माझं रजिस्टर आहे. दोनशे चौदा नावं, छत्तीस वर्षांची. काल रात्री एकेक नाव वाचलं. यातले किती जण आत्ता या घटकेला जिना चढत असतील रे? माझं ऐकून?

जेवण ठरल्या दिवशी आहे. सांगून ठेवलेलं जेवण मोडत नाहीत. ये. कसा येशील तसा ये.

झाम्फिरा


बुखारेस्ट
रविवार, ३ जुलै

प्रिय व्हेतुरिया,

सिलेनं तुला सांगितलंच असेल, पण सिले चार शब्दांत सांगतो आणि त्यांतले दोन "हं" असतात. तू म्हणालीस, सगळं लिहून पाठव. हे घे. त्यालाच वाचायला लाव.

पावाच्या गाडीत खुर्ची बसली, मी पावाच्या रिकाम्या क्रेटांमध्ये. सात तास. फाटकाशी गाव जमलेलं. अक्रोडाखाली लांब टेबल, टेबलावर चाळीस ताटं, प्रत्येकात पाव आणि मेणबत्ती. पाद्री आलेले. सिलेनं फळ्या लावल्या आणि मी गाडीतून खाली उतरलो. बसून.

सिस्टर एवढी लहान कशी झाली? ती पुढं आली आणि आधी चाकं पाहिली, मग बॅटरी, मग पायपट्टी, सगळ्यात शेवटी मला.

"वजन?"

"ब्याऐंशी किलो. माझ्याशिवाय."

"ब्रेक आहे?"

"आहे."

"मग लाव की. उतारावर उभा आहेस."

मी लावला. तिनं खुर्चीच्या पाठीवर हात टाकून ती हलवून पाहिली. आपल्या कुबड्या अशाच तपासायची. मग पाद्र्यांकडे वळून म्हणाली, "सुरू करा, सूप गार होतंय."

जिची शांती चालू आहे ती बाई स्वतः फिरून वाढतेय, "घे ना अजून, मेल्यावर विचारणार नाही" म्हणतेय, असं जेवण मी पाहिलं नव्हतं. वासिले सुतार टेबलाच्या टोकाला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. मी त्याची माफी मागायला गेलो. तो म्हणाला, "पंचवीस दिवस बांधल्या होत्या. उतरतोय आता त्रास, निदान बायको तसं म्हणते." त्याच्या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

मग ताटं वाटून झाली आणि सिस्टरनं बूट आणले. एक काकू कुजबुजल्या, "आता?" सगळ्या गावाला माहीत होतं ते कुणाचे.

सिस्टर सरळ पोस्टमनपुढं जाऊन उभी राहिली. "निस्तोर, दिवसाला किती चालतोस?"

"चौदा किलोमीटर, सिस्टर. डोंगरवाडीचं टपाल असलं तर सतरा."

"पाय घाल. माझ्या वाटेला पुरेल तेवढं चालशील."

निस्तोर कावराबावरा झाला. "पण हे होरियासाठी होते ना? शिवाय मला एक्केचाळीस लागतो."

"चामडं सैलावतं. होरियाला चालायचं काम नाही. त्याच्याकडं दुसरं आहे."

असं म्हणून ती घरात गेली आणि रजिस्टर घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवलं. वर दोनशे लेई, चुरगळलेल्या नोटा. "मेंढा रद्द केला, कोंबड्यांवर भागवलं. तू शुद्ध लिहितोस. प्रत्येकाला पत्र जाऊ दे. इथं दिलेलं तिकडं मिळतं, तर मला तिकडं पत्रं येतील. शिव्यांची आली तरी चालतील."

मला घ्यावंच लागलं आणि "बोग्दाप्रोस्ते" म्हणावं लागलं. व्हेतुरिया, ते मेलेल्यांसाठी म्हणतात. आणि ती समोर उभी राहून माझ्याकडं रोखून बघत होती, शब्द नीट उच्चारतो का ते.

पत्राचा मजकूर तिनंच सांगितला, मी तिथंच लिहिला. "मुलांनो, दुखलं की थांबा. दमलात की बसा. डॉक्टरांना सांगा की लहानपणी पोलिओ झाला होता. मी तुम्हाला उलटं शिकवलं होतं. तेव्हा सगळे तेच शिकवत होते, पण तुम्हाला मी शिकवलं. खुर्ची ही शिक्षा नाही. झाम्फिरा." मी विचारलं, शेवटी "क्षमा करा" घालू का? ती म्हणाली, "नको. मग त्यांना मला उत्तर देत बसावं लागेल. त्यांनी आधी बसावं."

रजिस्टर मी रोज उघडतो आणि रोज दचकतो. प्रत्येक नावापुढं तिची एक ओळ आहे. तुझ्यापुढं: "१२ मे १९८१, एकोणीस पावलं, स्वतःहून." माझ्यापुढं: "रडत नाही. लक्ष ठेवणे."

मजकूर दुकानात छापून घेतला. पत्ते मात्र हातानं, दिवसाला चारच, अंगठ्याला विश्रांती देऊन. पत्ते शोधायला शहरभर फिरतोय. जुन्या शेजाऱ्यांकडं, चर्चच्या वह्यांतून, एकदा तर मंडईत मासेवाल्याकडं. खुर्ची नसती तर सहाशे पावलांच्या आत एकच पत्ता सापडला असता, माझा.

दोन उत्तरं आली. ब्राइलाहून एकानं लिहिलंय, "तीस वर्षं उशीर झाला, म्हातारे. माझे खांदे परत दे." सिस्टरला न पाठवता राहवेना, पाठवलं. तिनं कळवलं की ते रजिस्टरला चिकटवायला ठेवलंय. दुसरं पित्येश्तीहून एका शिक्षिकेचं. ती म्हणते, पत्र आलं तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन निघाली होती. पत्र वाचलं आणि पायरीवर बसली. मुलं घाबरली. तिनं त्यांना सांगितलं, "काही नाही रे, बाई बसल्यात."

हिशेब तूही तपास, सिलेला बेरीज करायला लाव:

रजिस्टरमधली नावं २१४. त्यांतले वारल्याचं कळलं ते १९. तू आणि मी २. पत्रं गेली ६१.

छपाई ६१ प्रती, ९ लेई १५ बानी.
पाकिटं ६१, १२ लेई २० बानी.
तिकिटं ६१, ८५ लेई ४० बानी.
खर्च एकूण १०६ लेई ७५ बानी. सिस्टरच्या दोनशेतले शिल्लक ९३ लेई २५ बानी, म्हणजे आणखी त्रेपन्न पत्रांचे.

देणं: १३२ पत्रं. कमी पडतात १३७ लेई ७५ बानी.

होरिया